मोराचं सील

रायपूरच्या आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात कुठलीही वस्तू पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ एका जागी पडून राहिली, की टेंभेकर काका तिला मांजरपाटाच्या कापडात शिवून टाकतात. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं असतं तर दहा मिनिटं म्हणालो असतो. पाऱ्यातली कुत्री दुपारी सगळ्यांच्या ओट्यांवर आडवी होतात, काकांच्या ओट्यासमोर मात्र उभ्याउभ्या डुलकी काढतात.

काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसात चौतीस वर्षं होते. रिटायर झाले त्या दिवशी ऑफिसनं त्यांना शाल आणि नारळ दिला. घरी येऊन त्यांनी नारळ शालीत शिवला, सील लावलं आणि वर पत्ता लिहिला, मगच पाणी प्यायले. आजही त्यांच्या खिशात दाभण असतं, पिशवीत दोरा असतो आणि देवघरात समईशेजारी लाखेची कांडी असते. ऑफिसचा शिक्का ऑफिसातच राहिला, म्हणून सील ते शोभाकाकूंच्या लग्नातल्या करंड्याच्या झाकणानं उमटवतात. त्या पितळी झाकणावर मोर आहे. तेव्हा आमच्या पाऱ्यातून जे काही बाहेर जातं, त्यावर लाल लाखेत पिसारा फुलवलेला मोर असतो.

एकदा त्यांनी कुकर दुरुस्तीला सदर बाजारात पाठवला. अर्थात शिवून. दुकानदारानं ते पांढरं गाठोडं, त्यावरचं सील आणि 'सांभाळून न्यावे' ही अक्षरं पाहिली आणि कोणाच्या तरी अस्थी आहेत असं समजून कपाटावर ठेवून दिलं. आठ दिवसांनी मी, त्यांचा शेजारी, विचारायला गेलो तेव्हा कुकरला हार घातलेला होता आणि पुढे उदबत्ती जळत होती. काकांना राग आला नाही. "हार घातला ना त्यानं?" ते म्हणाले. "पण सील तोडलं नाही. मालाची इज्जत ठेवली."

मालाची इज्जत म्हणजे काकांचा धर्म. त्या धर्माचा मंत्र दोनच शब्दांचा: "नियम आहे." सील घेणाऱ्यानंच तोडायचं, नियम आहे. पत्त्यात आधी घेणारा, मग पाठवणारा, नियम आहे. मी विचारतो, "काका, कोणत्या पुस्तकातला?" ते म्हणतात, "पार्सलच्या." हे पुस्तक आजवर कोणी पाहिलेलं नाही.

यंदा फेब्रुवारीत शोभाकाकू कॅनडाला निघाल्या. मुलीचं, मीनूचं, बाळंतपण होतं. तीन महिन्यांचा बेत. काकूंना दोन गोळ्या चालू आहेत, सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची आणि रात्री प्रेशरची. काकांनी त्या मोजून दिल्या. नव्वद आणि नव्वद. काकू म्हणाल्या, पाच-दहा जास्त द्या, इकडेतिकडे झालं तर? काकांनी साफ नकार दिला. "नव्वद दिवसाले नव्वद. एक्याण्णवावी गोळी इथं घ्यायची."

मग ते काकूंनाच पॅक करायला लागले. पर्सच्या आतल्या बाजूला मांजरपाटाची पट्टी शिवली आणि तिच्यावर शाईनं घेणाऱ्याचा आणि पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिला. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत, पण पट्टी उसवलीही नाही. विमानतळावर मी सोबत होतो. काकू सामान ढकलत आत गेल्या आणि काका दारावरच्या वर्दीवाल्यासमोर हात पसरून उभे राहिले.

"पावती," काका म्हणाले.

त्यानं हिंदीत विचारलं, कशाची पावती. काकांनी काचेतून आत बोट दाखवलं. चौतीस वर्षांत आपण कोणाची कोंबडीची टोपलीसुद्धा पावतीशिवाय घेतली नाही, आणि इथं अख्खी बायको देऊन राहिलो तर कागद नाही, ही कोणती पद्धत, असा त्यांचा मुद्दा होता. वर्दीवाला भला माणूस. म्हणाला, "चाचाजी, आ जाएँगी." काकांनी ते तोंडी उत्तर डायरीत लिहून घेतलं.

मुलगा झाला. काकांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा, आणि ते रजिस्टरमध्ये चढवलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेपाचला ते फोन लावतात. आमच्याकडे चहाची वेळ, तिकडे सकाळ. फोन भिंतीला टेकवायचा आणि शेजारी पाण्यानं भरलेला पेला ठेवायचा. लग्नाला चाळीस वर्षं झाली, त्यातली शेवटची वीस काकूंची सकाळची गोळी काकांनी हातावर ठेवली, पाणी पुढे केलं. आता पाणी तिकडे पोचत नाही हे त्यांना कळतं. पार्सलवाल्याला नाही कळणार तर कोणाला? तरी पेला असतो.

"घेतली?"

"घेतली."

झालं. फोन बंद. मी एकदा म्हटलं, काका, अजून काही बोला ना, माणूस सातासमुद्रापार आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला टक्कल पडलं आहे, मुलगी कॉलेजात आहे, तरी काका मला पोट्टाच म्हणतात. "पोट्ट्या, बाकी काय बोलायचं? तिथं जावई उभा राहते." मग ते कॅलेंडरजवळ गेले आणि काकू गेल्यापासून रोज मारतात तशी त्या दिवसावर काट मारली.

अठ्ठ्याहत्तराव्या काटेला मीनूचा फोन आला. बाळाला पोटदुखी आहे, मला एकटीला झेपत नाही, आईला अजून राहू द्या. तिकिटाची तारीख पुढे नेली आहे. गोळ्या मात्र बारा दिवसांच्याच उरल्यात. इथं डॉक्टरची वेळ मिळायलाच महिना लागेल, तेव्हा तिकडूनच पाठवा. आणि बाबा, सहा महिन्यांच्या पाठवा, म्हणजे पुन्हा धावपळ नको.

काकांनी "हव" म्हणून होकार दिला. त्यांनी फोन ठेवला. मग पेल्यातलं पाणी स्वतःच प्यायले आणि उठले.

पुढचे दोन दिवस काका असे धावले, की रायपूरनं असा माणूस पाहिला नव्हता. डॉक्टरकडून सहा महिन्यांची चिठ्ठी, औषधाच्या दुकानातून बिल, चिठ्ठीच्या चार प्रती, बिलाच्या चार, काकूंच्या पासपोर्टच्या जुन्या झेरॉक्सच्या चार. मग आम्ही कुरियरवाल्याकडे गेलो. काउंटरवरच्या पोरीनं कागद पाहिले, समाधानानं मान हलवली आणि सांगितलं की माल जाईल, पण तिकडच्या कस्टममध्ये किती दिवस अडकेल ते सांगता येत नाही. काकांनी विचारलं, तिथं पार्सलवर कोण बसते? तिला माहीत नव्हतं. त्याचं नाव काय? तेही माहीत नव्हतं. काकांनी कागद परत घेतले. "ज्याले घेणाऱ्या बाबूचं नाव माहीत नाही, त्याच्या हाती शोभाची गोळी नाही द्यायची."

बारातले दोन दिवस संपले होते. मी आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर विचारलं, आणि तेलीबांधा तलावाजवळची रश्मी सापडली. बक्षींची सून, नवरा मीनूच्याच गावात नोकरीला, शुक्रवारी निघणार. सगळं मराठी कळतं, उत्तर मात्र हिंदीत देते. गोळ्या न्यायला आनंदानं तयार.

गुरुवारी काका माझ्या स्कूटरवर मागे बसले. मांडीवर पार्सल. ते पाहून मला अस्थींचा कुकर आठवला. आयुष्यभराचं कसब त्यांनी त्या वीतभर गाठोड्यात ओतलं होतं. टाका इतका बारीक, की मुंगीला त्यातून जायचं तर पोट आत ओढावं लागलं असतं. पाच मोर, एक मधोमध आणि चार कोपऱ्यांना.

रश्मीनं पाणी दिलं, गाठोडं हातात घेतलं आणि तिचा चेहरा पडला. "काका, ये सिला हुआ मैं नहीं ले जा पाऊँगी. एअरपोर्ट पे पूछेंगे पॅकिंग किसने की, तो क्या बोलूँ?"

"सांगजो, टेंभेकरनं केली."

पृथ्वीवरच्या कुठल्याही विमानतळावर हे नाव ऐकून माणसं खुर्चीवरून उठतील, असा त्यांचा आवाज होता. रश्मी हसली नाही. पोरगी गुणी. तिनं समजावलं की औषध दुकानातून आलं तसं, उघडं दिसेल असं, चिठ्ठीसकट न्यावं लागतं, आतलं तिनं स्वतः पाहिलेलं असावं लागतं. नाहीतर गोळ्याही राहतील आणि तीही. मग ती कात्री घेऊन आली.

काकांनी कात्रीवर हात ठेवला. "सील घेणाऱ्यानंच तोडायचं," ते हळूच म्हणाले. "हे शोभानं तोडायचं होतं."

खाली तलावाच्या रस्त्यावर गाड्या वाजत होत्या. मग काकांनीच खिशातून दाभण काढलं आणि एकेक टाका उसवायला बसले. चौतीस वर्षांत दुसऱ्याचं पार्सल न फोडलेल्या माणसानं आपलं फोडलं. दोरा तोडला नाही, बोटाला गुंडाळत गेले. मोर तेवढे फुटले, त्याला इलाज नव्हता.

आतून गोळ्यांच्या पट्ट्या निघाल्या, चिठ्ठी निघाली, बिल निघालं. रश्मीनं पट्ट्या मोजल्या, चिठ्ठीशी ताडून पाहिल्या आणि थांबली. "काका, डॉक्टर ने तो छह महीने की लिखी है. बिल भी छह का है. ये तीन की ही हैं."

"तीन महिन्याच्या वर पाठवता येत नाही," काका म्हणाले. "नियम आहे."

सवयीनं 'कोणत्या पुस्तकातला?' हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. रश्मी म्हणाली की तिच्या सासूबाई तर सहा-सहा महिन्यांच्या... आणि तिनं काकांकडे पाहिलं, आणि वाक्य तिथंच सोडलं. पट्ट्या तिनं एका पारदर्शक चेनच्या पिशवीत भरल्या. काकांनी मान फिरवली. भर बाजारात कोणाचा पदर ढळावा तसं त्यांना झालं असावं. निघताना ते दारात अडखळले, हात किंचित पुढे झाला आणि परत गेला. रश्मीला कसं कळलं कोण जाणे. तिनं एक कागद घेतला आणि अडखळत्या मराठी अक्षरांत लिहून दिलं: 'टेंभेकर काकांकडून काकूंच्या गोळ्या मिळाल्या. हातात देईन.' खाली सही.

काकांनी ती पावती चारदा वाचली. परतताना स्कूटरवर माझ्या पाठीला त्यांच्या खिशातलं दाभण टोचत होतं.

घरी आल्यावर त्यांनी चहा टाकला आणि मला म्हणाले, हा दोरा अन्‌ दाभण तेवढं कपाटात ठेव. मी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात, काकूंच्या घडी केलेल्या साड्यांवर, दुसरं गाठोडं होतं. अगदी जुळं भावंड. ताजी लाख, पाच मोर, सगळे शाबूत. हलवलं तर आत पट्ट्या खुळखुळल्या. वर निळ्या शाईनं लिहिलं होतं:

घेणार: सौ. शोभा टेंभेकर, तात्यापारा, रायपूर.
पाठवणार: मनोहर टेंभेकर, तात्यापारा, रायपूर.

काका चहाची गाळणी हातात घेऊन दारात उभे होते. काहीतरी विचारणं भाग होतं, म्हणून मी विचारलं, "काका, दोन्हीकडे एकच पत्ता? हे पार्सल जाते कुठं?"

"कुठंच नाही." त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि मोर वर येतील असं पुन्हा साड्यांवर ठेवलं. "काही माल पाठवायचा नसते. घेणारा येईपर्यंत सांभाळायचा असते. नियम आहे."

कोणत्या पुस्तकातला, हे मी विचारलं नाही. साडेपाच वाजत आले होते. काकांनी फोन भिंतीला टेकवला आणि पेला भरायला आत गेले.