उतरता आलेख

आलेख चढता असावा, हे उच्च शिक्षणाचं सर्वमान्य तत्त्व आहे. (उतरता आलेखही खरा असू शकतो, पण त्याला कुणी तपासणी समितीपुढं उभं करत नाही.)

काटेवाडीची सुकन्या बारामतीजवळच्या एका महाविद्यालयात पीएचडी करत होती. काचेवर निकेल फेराइटचा, केसाच्या दोनशेव्या हिश्श्याएवढा थर द्यायचा, त्यात जस्त मिसळायचं आणि चुंबकत्व मोजायचं, हे तिचं काम. या स्फटिकात अणूंची छोटी आणि मोठी घरं असतात, आणि ती एकमेकांविरुद्ध ओढतात. जस्ताला स्वतःचं चुंबकत्व नाही. पण ते छोटी घरं बळकावतं, तिथलं लोखंड मोठ्या घरांत जातं आणि एकूण ओढ वाढते. जस्त फार झालं, की अणूंची एकमेकांवरची पकड सुटते आणि ओढ घटते. चार वर्षं, बासष्ट काचा (फुटलेल्या एकोणीस धरून); निष्कर्ष तोच.

मार्गदर्शक श्रीपादसरांनी आलेखाच्या शिखरावर बोट ठेवलं.

"इथंच थांबू या. पुढचे बिंदू कशाला?"

"सर, पुढंही मोजलंय."

"मोजलंय, मान्य. पण मोजलंच पाहिजे असं कुठं होतं?"

समिती सोमवारी येणार होती, आणि 'जस्त वाढवा, चुंबकत्व वाढवा' असा फलक रंगवून झाला होता.

प्रबंधावर सही सरांचीच व्हायची होती. सुकन्या घरी गेली. शेवटी तिनं वडिलांना, गेणबांना, सगळं सांगितलं.

"युरिया जास्ती झाला की ऊस लोळतो," ते म्हणाले. "लोळला न्हाय असं लिवलं म्हणून उभा ऱ्हातोय व्हय?"

सोमवारी तिनं पूर्ण आलेख लावला. समितीतल्या मंदाकिनीबाई नेमक्या उतारापाशी थांबल्या. "चढ सगळेच दाखवतात. खरं काम हे आहे."

उतार दाखवावा हा आपलाच आग्रह होता, असं सरांनी तत्काळ नमूद केलं. दुपारपर्यंत फलकावर 'पण बेतानं' अशी भर पडली. सहीही झाली.

शोधनिबंध छापून आला. लेखक नऊ, सुकन्या सातवी. (वरच्या सहांपैकी चौघे, थराला 'फिल्म' म्हणतात हे ऐकून, नट कोण असं विचारत होते.)

पेपरात 'काटेवाडीच्या सुकन्याचं यश' एवढीच बातमी आली. गेणबांना पार इंदापूरपासून चौतीस फोन आले. एकानं विचारलं, हा थर फ्रिजला चिकटतो का. उरलेल्या तेहतीस जणांनी विचारलं, "पोरीचं आडनाव काय?"

गेणबांनी कुणालाच सांगितलं नाही. इथंही ते दिलेलं नाही. तुम्ही मात्र गेणबा हे नाव वाचून अंदाज बांधलेलाच आहे. आता तो बरोबर निघाला का, तेवढंच पाहायला शेवटपर्यंत आलात.