घाडीगावकर सर आणि घरचा खूणशब्द

मुलुंड पूर्वेच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सुबोध घाडीगावकर सरांनी एक साधासा निर्णय घेतला. मुलांना इंटरनेटवर सावध राहायला शिकवायचंच आहे, तर नुसती पोपटपंची नको, काहीतरी करून दाखवायचं. हल्लीचे भामटे माणसाचा आवाजसुद्धा हुबेहूब काढतात, 'आई, मी अडचणीत आहे' म्हणतात आणि घरचे फसतात. म्हणून प्रत्येक घराने एक खूणशब्द ठरवावा. फोनवर कुणीही काही मागितलं की आधी तो विचारावा. सांगता आला नाही, तर समोरचा चोर!

मुलांना ही कल्पना जाम आवडली. त्याच वर्गात सरांची मुलगी प्रांजल होती. तिने त्याच संध्याकाळी जेवताना आजीला, म्हणजे सरांच्या आई जानकीबाईंना, सगळं समजावलं आणि घरचा खूणशब्द ठरवूनही टाकला.

"बाबा, कळला ना?"

"हं, हं," सर म्हणाले. (सर तेव्हा 'मुलांना मोबाईलपासून दूर कसं ठेवाल?' हा व्हिडिओ मोबाईलवर बघत होते.)

पुढच्या शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये मुलं आणि पालकांसमोर सरांचं याच विषयावर व्याख्यान होतं. पहिल्या रांगेत संस्थेचे विश्वस्त कुंडलिकराव बसले होते. त्यांनी सकाळीच सुनावलं होतं, "कार्यक्रम रंगला तर कॉम्प्युटर विषय तुमच्याकडेच. नाहीतर बाहेरची एजन्सी बोलावू आणि तुम्ही परत भूगोलाला." भूगोल म्हटल्यावर सरांनी मनातल्या मनात हात जोडले. बारा वर्षं खारे वारे आणि मतलई वारे शिकवून ते कसेबसे सुटले होते.

आणि नेमका त्याच दिवशी सगळ्या स्लाइड्स असलेला पेन ड्राइव्ह घरी राहिला. (दुसरीकडे कुठे कॉपी नव्हती. सुरक्षिततेसाठी!) स्लाइड नसली की सरांची बोबडी वळते, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. घर दोन गल्ल्यांवर. त्यांनी शिपाई अंबादासला पिटाळलं. अंबादास गेला तो गेलाच. हॉल भरला, पोरं कलकलाट करू लागली, कुंडलिकराव घड्याळ बघू लागले. सरांनी घाम पुसत घरी फोन लावला. भामट्यांच्या आवाजाचा नमुना ऐकवण्यासाठी तो फोन हॉलच्या स्पीकरला जोडलेला होता, हे मात्र साफ विसरले.

"हॅलो आई, सुबोध बोलतोय. अंबादास आलाय ना? त्याला टीव्हीखालच्या ड्रॉवरमधला पेन ड्राइव्ह दे."

"आवाज बरो काढलंस रे मेल्या!" जानकीबाईंचा आवाज हॉलभर घुमला. "आधी खूणशब्द सांग!"

कलकलाट एकदम थांबला. तीनशे कान टवकारले. सरांनी फोन स्पीकरवरून काढायला धडपड केली, तर आवाज आणखी मोठा झाला.

"आई, अगं मीच! अंबादास कुठे आहे?"

"तुझो माणूस किचनात कोंडून ठेवलंय. भायसून कडी घातलंय. चोर असलो तरी धापा टाकीत इलो हुतो, म्हणान चाय दिलंय."

मागून बारीक आवाज आला, "सर, चहा झकास आहे, पण मला सोडवा!"

हॉलमध्ये हशा पिकला. सरांनी अंदाजाने ठोकून दिलं, "मालवण?"

"नाय."

"सोलकढी?"

"नाय."

"भालचंद्र?" (हे त्यांच्या मामांचं नाव.)

"तीन येळा चुकलंस. आता तुझा खाता लॉक!"

पोरांनी बाकं वाजवली. सरांनी केविलवाण्या नजरेने दुसऱ्या रांगेतल्या प्रांजलकडे पाहिलं. "प्रांजल, सांग गं पटकन!"

ती ताठ उभी राहिली. "सर, खूणशब्द चारचौघांत सांगायचा नसतो. तुम्हीच शिकवलंय." पालकांनी टाळ्या वाजवल्या. त्यात कुंडलिकरावही होते.

"आई, मला दुसरं काहीही विचार," सर रडकुंडीला आले. "फक्त तुझ्या मुलालाच माहीत असेल असं!"

"बरा. माझो सुबोध पाल दिसली की काय करता?"

सरांनी एकदा हॉलकडे पाहिलं, एकदा भूगोलाचा विचार केला आणि डोळे मिटून म्हणाले, "टेबलावर चढतो."

"आणि?"

"आणि... तुला हाका मारतो."

हॉल हसून हसून कोसळला. कुणीतरी शिट्टी मारली.

"ह्या सगळ्या बिल्डिंगीक म्हायत आसा," जानकीबाई म्हणाल्या. "चालाचा नाय."

"आई, प्लीज! मी तुला हात जोडतो. प्लीज, प्लीज!"

"बघ, आता तर नक्कीच चोर! माझ्या झिलान जल्मात माका पिलीज म्हटल्यान नाय!"

इतका वेळ आवरून धरलेला सरांचा संयम सुटला. पालक, विश्वस्त, माईक, कशाचंही भान राहिलं नाही. "आई, डोकं फिरलंय का तुझं? एक काम धड होत नाही! दे ना लवकर, इथे माझी वाट लागलीय!"

पलीकडे किचनची कडी खाडकन उघडली.

"हां," जानकीबाई म्हणाल्या, "आता वळाखलंय. धाडतंय."

हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. सरांना मात्र आपला आवाज अजून भिंतींवर आपटतोय असं वाटत होतं. त्यांना मनापासून लाज वाटली. कुंडलिकराव धावतच स्टेजवर आले आणि त्यांनी सरांचा हात गदागदा हलवला. "काय नाट्य बसवलंत हो! स्लाइड्सची गरजच नाही! विषय तुमच्याकडेच. फक्त पुढच्या वेळी आईंना इकडे स्टेजवर बसवा. तुम्ही फोन लावायला घरी थांबलात तरी चालेल."

संध्याकाळी सरांनी आईच्या आवडीचं पापलेट आणलं. स्वतः तळलंही. आईला "सॉरी" म्हणाले, तर तिने पुन्हा संशयाने पाहिलं. जेवायला बसल्यावर प्रांजल म्हणाली, "बाबा, जुना शब्द तुम्हाला ठाऊकच नव्हता. आपण नवा ठरवू. नीट ऐका हं."

सर सावरून बसले. तेवढ्यात टिंग झालं. पालकांच्या ग्रुपवर कौतुकाचा मेसेज होता. सरांनी अधीर होऊन तो उघडला: 'घाडीगावकर आजींचं आजचं मार्गदर्शन अप्रतिम! त्यांना फोन जोडून देणाऱ्या गृहस्थांचेही आभार.'

सरांनी तो दोनदा वाचला. मग तिसऱ्यांदा.

"बाबा, कळला ना?" प्रांजलने विचारलं.

"हं, हं," सर म्हणाले.