मास्तरांची हजेरी

"मास्तरापुढं कुनाची खोटं बोलायची टाप न्हाई!" हे वाक्य दूध केंद्र सांभाळणारा कानिफनाथ दिवसातून इतक्या वेळा म्हणायचा, की केंद्रावर दूध घालायला येणाऱ्या सगळ्यांना ते तोंडपाठ झालं होतं.

मास्तर म्हणजे कुणी माणूस नव्हे! पुणतांब्याच्या अलीकडच्या वस्तीवर दूध थंड करायचं केंद्र आहे, तिथल्या भिंतीवरची करड्या रंगाची कंट्रोलरची पेटी. तिच्या एकाच वायरवर तीन सेन्सर. पहिला दुधाच्या टाकीत, दुसरा गरम पाण्याच्या टाकीत, तिसरा शीतगृहात. पेटी एकेकाचा नंबर पुकारायची. ज्याचा नंबर त्यानंच उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी मुकाट बसायचं. त्या उत्तरावरून पेटी दूध गार करणारा कंप्रेसर आणि पाण्याचा हीटर चालवायची. काही वावगं दिसलं की मास्तर सगळ्या सभासदांच्या मोबाईलवर निरोप धाडायचा. ही सोयसुद्धा कानिफनाथनंच हट्टानं करून घेतली होती.

या शिस्तीनं तो पार भारावून गेला होता. जेवायलाही पेटीच्या पडद्यासमोर बसायचा. "तिघं एका तारेवर हायेत, पन एक दुसऱ्याच्या मधी बोलत न्हाई! आमच्या घरात दोघंच हाय, तरी जमत न्हाई!"

तर खंडेनवमी उजाडली. गावात ट्रॅक्टर सजले, पाने-पकडी सजल्या, कुणी मिक्सरलासुद्धा हार घातला. मग सेन्सरांनी काय घोडं मारलंय? कानिफनाथनं मेन स्विच बंद केला, तिन्ही सेन्सर उपसून काढले, चिंच-राखेनं लख्ख घासले आणि पाटावर मांडले. त्यांच्यावर नंबराच्या मळकट चिठ्ठ्या होत्या. पूजेला असली घाण कशाला, म्हणून त्यानं त्या नखानं खरवडून टाकल्या. हळदकुंकू, झेंडू, नारळ, सगळं साग्रसंगीत!

पूजेला दूध संस्थेचे चेअरमन बन्सीतात्या आले. ऑक्टोबरच्या उकाड्यात कानाला मफलर!

"तात्या, बरं न्हाई का?"

"मला काय धाड भरलीय?" तात्या खेकसले आणि त्यांनी हळूच मागे बघून घेतलं. मागे त्यांच्या मंडळी मनकर्णाबाई उभ्या होत्या. तात्या आजारी आहेत असा नुसता वास आला असता, तरी त्यांनी उद्याच्या दसऱ्याच्या मिरवणुकीला तात्यांना उंबरा ओलांडू दिला नसता.

पूजा झाली. तिन्ही सेन्सर दिसायला सख्खे भाऊ. कानिफनाथनं हाताला येईल तसे ते जागच्या जागी बसवले, म्हणजे त्याला तसं वाटलं, आणि स्विच टाकला.

पडद्यावर आलं, दूध पासष्ट अंश! गरम पाणी चार अंश!

लाल दिवा लागला. कंप्रेसर जीव तोडून घरघरू लागला. गावभर मोबाईल वाजले. कानिफनाथनं टाकीला हात लावला तर टाकी गारठून गेलेली!

"मास्तर खोटं बोलत न्हाई. आन् माझा हातबी खोटं बोलत न्हाई!" तो पुन्हा पुन्हा टाकी चाचपू लागला.

निरोप वाचून पहिल्या पोचल्या त्या केंद्रावर दूध घालणाऱ्या कलाबाई. त्यांनी टाकी चाचपली, पडदा पाहिला आणि किंचाळल्याच. "अगं बाई! गार टाकीत दूध तापलंय! नवरात्रातली किरपा म्हनायची ही!"

मग काय विचारता! बघता बघता अंगण भरलं. आरती झाली, नारळ फुटले, कुणीतरी बासुंदीसाठी साखरेची पिशवी आणली. पडद्यावरचा आकडा सत्तर झाला, ऐंशी झाला. "वाढतंय! वाढतंय!" म्हणत माणसं गहिवरून हात जोडू लागली. पलीकडे गरम पाण्याची टाकी खदखदत होती, तिकडे कुणाचं लक्ष असणार?

कानिफनाथनं दुधाच्या टाकीचं झाकण उघडून पाहिलं. कडेनं दुधाचा बर्फ धरत होता! सगळ्या गावाचं सकाळचं दूध होतं ते. संध्याकाळी टँकर येणार, आणि गोठलेलं दूध टँकरवाला बघणारसुद्धा नाही.

"दूध गेलं तर केंद्राची किल्ली हितं ठिवायची आन् घरी बसायचं!" तात्या गरजले.

ती किल्ली कानिफनाथच्या कमरेला होती आणि जीव तिच्यात होता. त्यानं नगरला फोन लावला. ही पेटी बसवणाऱ्या इंजिनीअर रोहिणी मॅडम फोनवर आल्या.

"पेटी ठीक आहे हो. ती फक्त नंबर पुकारते. कुठला नंबर कुठे बसलाय, ते तिला दिसत नाही. सेन्सर काढले होते का?"

"पूजेला."

"पूजेला? बरं, नंबराच्या चिठ्ठ्या आहेत ना?"

"निघाल्या."

"आपोआप?"

"चिंचेनं."

मग मॅडम म्हणाल्या, "हीटर आणि कंप्रेसर हातानं बंद करा. वायर न सोडवता तिन्ही सेन्सर गार पाण्याच्या बादलीत बुडवा. मग एकेक मुठीत धरा. पडद्यावर ज्या नंबराचा आकडा चढेल, तो त्याचा नंबर."

कानिफनाथनं एक सेन्सर उचलून मूठ आवळली. भिंतीवर दोन नंबरचा आकडा चढू लागला. वीस... सत्तावीस... तेहतीस! त्याच्या मुठीतली ऊब त्या तारेतून जाऊन भिंतीवर उमटत होती! त्याचे डोळे भरून आले. कलाबाईंनी पुन्हा हात जोडले, या खेपेला पेटीला.

दुसरा सेन्सर निघाला एक नंबर. प्रत्येक खेपेला मर्यादा ओलांडली की मास्तर इमानानं गावाला निरोप धाडत होता.

"झालं तात्या! उरला तो तीन नंबरच की!"

"उरलेलाबी तपासायचा! पुन्हा घोळ नको!" तात्यांनी सेन्सर हिसकावून स्वतःच्याच मुठीत धरला.

तेहतीस... छत्तीस... अडतीस... आकडा थांबेचना! एकोणचाळीसला तो टेकला आणि अंगणातले सगळे मोबाईल पुन्हा एकदम वाजले. 'क्रमांक तीन. तापमान एकोणचाळीस. मर्यादेबाहेर.'

सगळ्या माना तात्यांकडे वळल्या. मनकर्णाबाई पुढे झाल्या. "मफलर काढा बगू."

"अगं, मला कुठला ताप? यंत्रच बिघडलंय!"

"मास्तरापुढं कुनाची खोटं बोलायची टाप न्हाई!" अख्खं अंगण एका सुरात ओरडलं.

मनकर्णाबाईंनी तात्यांना दंडाला धरून घरी नेलं. सेन्सर आपापल्या जागी बसले, ढवळून ढवळून बर्फ विरघळला आणि संध्याकाळी टँकरवाला काही न बोलता दूध घेऊन गेला. कानिफनाथचा जीव भांड्यात पडला.

दसऱ्याच्या दिवशी मिरवणूक तात्यांच्या दारावरून वाजतगाजत गेली. तात्या खिडकीत, हातात काढा. कानिफनाथला पाहून त्यांनी गजाच्या आडून हाक मारली.

"किल्ली ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच! पन त्या मास्तराला सांग, घरातलं गावाला सांगत जाऊ नको म्हनावं!"