काजळ्याचा वायू आणि नवे तारे

बालमित्रांनो, आधी माफी मागतो. माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच येतील. सांभाळून घ्या.

एका जंगलात तारे कमी पडले. म्हणजे होते तेवढेच होते, पण शेजारच्या जंगलावर जास्त आहेत असं सिंहमहाराजांना वाटू लागलं. त्यांनी तळ्याकाठच्या बगळेशास्त्र्यांना बोलावलं आणि नवे तारे कसे होतात ते विचारलं.

शास्त्रीबुवांनी दुसरा पाय खाली टेकला. दूरच्या दीर्घिकांत, ते म्हणाले, एखादा मोठा तारा फुटतो. त्याच्या धक्क्याने भोवतालचा वायू फुग्यासारखा पसरत जातो. फुग्याच्या कडेला वायू दाटतो, आणि त्या दाटीत कधीकधी नवे तारे जन्मतात.

'कधीकधी' हे महाराजांना ऐकू आलं नाही. 'वायू' मात्र नीट ऐकू आलं.

"आपल्या राज्यात वायू कोणाला होतो?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी काजळ्याकडे पाहिलं.

काजळ्या हा लाजरा रेडा. जंगलाकडेच्या शेतातला ओला हरभरा त्याने पोटभर चापला होता, आणि आता ते पोट नगाऱ्यासारखं झालं होतं. साळिंदरमावशीने त्याला ओवा दिला होता. तो तोंडात टाकणार, एवढ्यात लांडगेशिपायांनी काढून घेतला. राज्यात ओवाबंदी झाली. तारे आल्याशिवाय ओवा मिळणार नव्हता.

"मावशी, फार दुखतंय गं," काजळ्या कण्हला.

"सोस बाबा. आजवर सगळे म्हणायचे, हा रेडा काय उजेड पाडणार? आता पाड."

महाराजांनी त्याला आणखी हरभरा चारवला. दरबार त्याच्या मागे ठाण मांडून बसला. थोड्या वेळाने, जाणकारांच्या सल्ल्याने, बाजूला सरकून बसला.

तिन्हीसांजेला काजळ्याला राहवेना. पोटाला जरा गार वाटेल म्हणून तो तळ्यात शिरला आणि मधोमध बदकन बसला. मग जे व्हायचं ते झालं. पाण्याला उकळी फुटल्यासारखं झालं. शेवाळ गोल होऊन चहूकडे पसरत गेलं आणि काठाच्या गवतात जाऊन दाटलं. गवत हललं. त्यातून लुकलुकत, लुकलुकत उजेडाचे ठिपके वर आले.

दरबार उभा राहिला. महाराजांचे डोळे भरून आले.

बगळेशास्त्री काजळ्याच्या कानाशी आले. म्हणाले, हे गवतात आधीपासूनच होते, तू फक्त त्यांना उठवलंस. अर्थात तू बसला नसतास तर ते उठले असते की नाही, हे मलाही सांगता येत नाही.

काजळ्या घाबरला. खरं सांगावं तर ओवा जाणार. न सांगावं तर मन खाणार. पोट अजून दुखतच होतं. तरी तो धीर करून बोलला.

"महाराज, ते काजवे आहेत."

महाराजांनी मान डोलावली. "काजवे. वा. ज्याने जन्म दिला त्यानेच नाव ठेवावं. नव्या ताऱ्यांना आजपासून काजवे म्हणा. आणि याला ओवा द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी काजळ्या ओवा चघळत शेताकडे निघाला. पाहतो तर सगळा दरबार हरभऱ्यात तोंड घालून बसलेला. तो तसाच मागे फिरला आणि उरलेला ओवा मावशीकडे दरबारासाठी ठेवून आला.

तात्पर्य: तारे वायूमुळे जन्मतात की जन्मणारच असतात, हे शास्त्रीबुवांना ठरवू द्यावं. आपण उजेड पडण्याच्या सुमारास मधोमध बसलेलं असावं.