थांबण्याची नोंद घेतली आहे

जगात ‘थांब’ म्हणायला काही लागत नाही, तोंड असलं की झालं. पण म्हटलेलं योग्य ठिकाणी पोचावं, त्याची नोंद व्हावी आणि त्यावर सवडीने विचार व्हावा, यासाठी शिकलेली माणसं लागतात. स्फाक्सजवळच्या हाज्जा मनूबियाच्या तेलघाण्यावर अशी माणसं गेल्या हंगामापर्यंत नव्हती. त्यामुळे तिथला घाणा सांगितल्याबरोबर थांबायचा.

ही जुनी पद्धत किती मागासलेली होती ते कळल्याशिवाय नवीची थोरवी कळायची नाही. ऑलिव्हचा लगदा कुंडीत पात्यांखाली मळला जात असताना हाज्जा कडेला उभी राही. वास फिरायला लागला की तिचं नाक आधी फिरे. मग ती "बस्स!" म्हणे, लाल बटणावर थाप मारी, आणि पाती जागच्या जागी उभी. मध्ये अर्ज नाही, शेरा नाही, चौकशी नाही. चाळीस वर्षं हा अंधार चालला. (या काळात एकाही गिऱ्हाइकाचं तेल बिघडलं नाही. पण तशी आकडेवारी कुणी ठेवलेली नसल्यामुळे हा पुरावा धरता येत नाही.)

मग तिच्या थोरल्या मुलाने, मुनसिफने, संगणकावर चालणारा घाणा बसवला. लाल बटण गेलं. विजेच्या मुख्य खटक्याला लोखंडी पेटी आली, पेटीला कुलूप आलं, कारण कुणीही उठून चालतं काम बंद करू नये. किल्ली मुनसिफच्या खिशात, आणि मुनसिफ राजधानीत, ट्युनिसला, आधुनिक घाण्यांवर भाषण द्यायला.

नव्या घाण्यात एकच खोट होती. वजनकाट्याला तो वजन विचारी, आणि काटा कधी कधी उत्तरच देत नसे. तिचं कारण शोधायला कंपनीने अनीस नावाचा इंजिनिअर पाठवला. मोठा सभ्य माणूस. दाढी पट्टी लावून कापल्यासारखी. त्याच्या लॅपटॉपमध्ये डीबगर नावाची एक चीज होती, आणि ती त्याने हाज्जाला समजावून सांगितली.

"घाण्याचा प्रोग्रॅम काम करतो, हाज्जा, आणि हा त्याच्या मानगुटीवर बसतो. वाटेल तिथे उभा करतो, पोटात काय आहे ते विचारतो, मग ‘चालू ठेव’ म्हटलं की पुढे सोडतो."

"म्हणजे सासू."

"साधारण तसंच."

"साधारण कसली? सासूने उभी राहा म्हटलं तर सून उभी राहते. तुझ्या सासूचं कुणी ऐकतं का, ते सांग."

अनीस हसला. पुढचं सांगण्याऐवजी त्याने कंपनीचा छापील कागद भिंतीवर चिकटवला. हाज्जाला अक्षरं ओळखू येत, पण त्यांच्या मागे धावायला ती रिकामी नव्हती. तिने तो त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतला.

‘१. कीबोर्ड एकच आहे. घाणा चालू असताना तो घाण्याचा. घाणा उभा असताना डीबगरचा.

२. कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबल्यास ती थांबण्याची सूचना समजली जाईल. सूचना घेणारा स्वतः काहीही करणार नाही, फक्त खूण करून ठेवील. योग्य वेळी ती खूण पाहिली जाईल.

३. खूण एकदाच होते. पुन्हा पुन्हा दाबल्यास तीच खूण समजावी.

४. इतर कळांवरून दाबलेलं सर्व काही आलेल्या क्रमाने जपून ठेवलं जाईल आणि डीबगरचा हात मोकळा होताच वाचलं जाईल. ग्राहकाचा कोणताही शब्द वाया जाणार नाही.’

"हाच कागद माझ्या नवऱ्याच्या पेन्शनच्या कचेरीत आहे," हाज्जा म्हणाली. "तिथे फक्त कीबोर्ड नाही."

अशी सगळी सिद्धता झाल्यावर मबरूका आली.

मबरूकाची अकरा झाडं. विधवा बाई, स्वतः काठीने झोडून, स्वतः वेचून, उसन्या गाढवगाडीवर तिने पाच पोती आणली होती. वर्षाचं तेल यातच: भाकरीला लावायचं ते, दिव्याला नव्हे पण दुखऱ्या गुडघ्याला चोळायचं ते, लेकीच्या बाळंतपणाला पाठवायचं ते. दुसरा घास नाही, दुसरी पोती नाहीत.

"मनूबिया, गेल्या वर्षीसारखंच काढ हो," उपड्या खोक्यावर बसत ती म्हणाली.

"गेल्या वर्षी मी काढलं होतं. या वर्षी विज्ञान काढणार आहे. नीट बस."

लगदा कुंडीत पडला. अर्धा तास मळला की तेल सुटतं. पाऊण तासाच्या पुढे गेला की तापतो, आणि तापलेल्या लगद्याचं तेल शेळीही चाटत नाही. तिसाव्या मिनिटाला हाज्जाचं नाक फिरलं.

"बस्स!"

अनीसने दोन कळा दाबल्या. पाती फिरत राहिली.

"दाबलंस का रे?"

"दाबलं, हाज्जा."

"मग?"

"खूण झाली."

"मी खूण मागितली का? पाती फिरतायत ती!"

"घाणा काट्याच्या उत्तराची वाट पाहतोय. चारेक मिनिटं पाहतो, मग नाद सोडतो. तोवर त्याच्या कानात काही शिरत नाही."

"म्हणजे तो थांबलाय, आणि पाती फिरतायत?"

"थांबलेला नाही. थांबला असता तर पाती उभी राहिली असती. तो वाट पाहतोय." (हा फरक सूक्ष्म आहे. कचेरीच्या खिडकीबाहेर ज्यांनी आयुष्य काढलंय त्यांना तो लगेच समजतो.)

अनीसने पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. त्या सत्राचा हिशोब असा: दाबल्या चौदा, खुणा एक, थांबणं शून्य.

मबरूका खोक्यावरून उठली. "मनूबिया, वास कसला येतोय?"

तेव्हा हाज्जाने इंजिनिअरला खांद्याने बाजूला सारलं. "हळू चौदा वेळा सांगण्यापेक्षा नीट एकदा सांगावं!" आणि कीबोर्डवर जी सर्वांत दांडगी कळ दिसली तिच्यावर तिने मूठ आपटली. "बस! बस! बस! मेल्या, बस!" मुठी आठ पडल्या, कारण नीट सांगायला लागलं की हाज्जाला एकदाच सांगणं कधी जमलेलं नाही.

घाण्याने काट्याचा नाद सोडला. घाण्याचा कान मोकळा झाला. पाती उभी राहिली.

"बघितलंस?" हाज्जा म्हणाली. "शिक्षण नको, आवाज लागतो."

आणि पाती पुन्हा सुरू झाली.

अनीसचा चेहरा दह्यासारखा झाला. "हाज्जा, तुम्ही एंटर दाबलंत."

"मी बस म्हणत होते!"

"तोंडाने. एंटर म्हणजे ओळ पुरी झाली. आणि ओळीत काहीच नसलं तर डीबगर समजतो, मागचाच हुकूम पुन्हा. मागचा हुकूम होता, ‘चालू ठेव’."

"किती आहेत अशा?"

"आठ होत्या. एक वाचून झाली. सात जपून ठेवल्यात."

"परत घे."

"कलम चार, हाज्जा."

"उचलून फेकते तुझं हे डबडं!"

"मग डीबगर मरेल आणि घाणा मोकाट सुटेल. आता निदान दर चार मिनिटांनी उभा तरी राहतो."

सात चोक अठ्ठावीस. हा हिशोब हाज्जाने बोटांवर केला आणि संगणकाआधी संपवला. मग जुन्या जात्याची लोखंडी पाचर उचलून ती पेटीच्या कुलपावर तुटून पडली. इकडे अनीस थांबवत होता, तिकडे तिच्याच मुठी एकेक करून घाणा चालवत होत्या. कुलूप मात्र अस्सल होतं. अठरा मिनिटं टिकलं. खटका खाली पडला तेव्हा लगदा बावन्न मिनिटं मळला गेला होता आणि घाण्यात भिजल्या गोणपाटाचा वास भरला होता.

"बाहेर बस, मबरूका," हाज्जा म्हणाली. "गाळायचं आहे."

गाळायला ती तळघरात गेली, जिथे गाळायचं काहीच नसतं. तिथे तिच्या स्वतःच्या झाडांची, पहिल्या वेचणीची, घरच्यांसाठी ठेवलेली बुधली होती. मबरूकाचे डबे तिने त्यातून भरले आणि बुधलीचं तोंड पुन्हा बांधलं, रिकाम्या बुधलीला जसं कुणी बांधत नाही तसं, घट्ट.

मबरूकाने भाकरीचा तुकडा बुडवला, चावला, थांबली.

"हे माझं नव्हे."

"तुझंच."

"माझ्या झाडांना एवढा तिखटपणा कधीच नव्हता."

"नवं यंत्र आहे. सुधारतं."

मबरूकाने तुटक्या कुलपाकडे पाहिलं, मग हाज्जाच्या सोललेल्या बोटांकडे. उरलेला तुकडा तिने सावकाश संपवला. "यंत्र गुणाचं आहे गं," ती म्हणाली. "तब्येतीला जप म्हणावं त्याला."

दारात उभ्या अनीसने एवढं ऐकलं आणि प्रामाणिकपणे लिहून घेतलं. कंपनीचा अहवाल आठवड्यात आला. थांबण्याच्या सूचनांची दखल: शंभर टक्के. घाणा प्रत्यक्ष उभा राहिला: पाच वेळा. ग्राहकाच्या आज्ञेवरून पुन्हा चालू: पाच वेळा. तेलाचा दर्जा: पूर्वीपेक्षा सरस (लाभार्थी महिलेचा अभिप्राय). नुकसान: एक कुलूप. खाली ‘मालकाची हरकत’ असा रकाना होता.

मुनसिफने कागद आईसमोर धरला. "काही सांगायचंय का, आई?"

सांगायचं पुष्कळ होतं. पण सांगितलं असतं तर संध्याकाळच्या आत मबरूका डबे घेऊन दारात उभी राहिली असती, आणि तिची गोणपाटाची घाण हक्काने मागून गेली असती. हाज्जा मनूबियाने आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटून घेतलं. रकाना कोरा गेला. कोऱ्याचा जो अर्थ ठरलेला आहे तोच घेण्यात आला, आणि हंगाम संपायच्या आत शेजारच्या तीन घाण्यांवरची लाल बटणं निघाली.

तुम्ही इथवर वाचलंत. दोन-चारदा हसलात, एकदा बिचारी म्हणालात, मान डोलावलीत. तोंडाने मात्र काहीच बोलला नाहीत. काळजी करू नका. तुमचीही कोरी ओळ पोचली आहे.