शमुवेलअण्णांचा सोमवार

शमुवेलअण्णा दर सोमवारी सकाळी आठला आमच्या दारात येत आणि उत्तर मिळाल्याशिवाय चहाला हात लावत नसत. प्रश्न ठरलेला. "काल कुणासाठी बोललास, तम्मा?"

काल म्हणजे रविवारी, उपासनेत. मी तेव्हा हुबळीच्या लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीचा नवा पाळक होतो. धर्मविद्यालयात पहिला आलेला, आणि ते कुणाला विसरू न देणारा. सगळे मला पाळकसाहेब म्हणत. कमरीपेठेतले हे निवृत्त उपदेशक मात्र धाकट्या भावाला हाक मारावी तसे 'तम्मा' म्हणत. भर मे महिन्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, काखेत छत्री.

"मंडळीसाठी बोललो, अण्णा."

"मंडळी म्हणजे कोण? नाव सांग की."

नाव नाही तर बसणं नाही. माझी बायको सुशीला त्यांच्या कपावर बशी उपडी घालून ठेवी. एकदा ती दाराआडून कुजबुजली, "अहो, सांगून टाका एखादं नाव. तिसऱ्यांदा गरम करतेय."

मी ठोकून दिलं, "रूथबाईंसाठी."

अण्णांनी मला तसंच उठवून रूथबाईंच्या घरी नेलं. म्हातारी ओसरीवर तांदूळ निवडत होती. अण्णा म्हणाले, "अक्का, काल साहेब तुझ्यासाठी बोलले म्हणे. काय बोलले?"

रूथबाई गडबडल्या. बऱ्याच विचारानं म्हणाल्या, "आवाज लई चांगला हाय साहेबांचा."

मला वाटलं, आता अण्णा हसणार. ते हसले नाहीत. "बस हितं," मला म्हणाले. "तांदूळ निवड."

पदवीधर पाळक तासभर खडे वेचत बसला. तेवढ्यात मला कळलं की रेल्वे वर्कशॉपातला रूथबाईंचा मुलगा दोन गल्ल्या पलीकडे राहतो आणि लग्नावरून झालेल्या भांडणानंतर वर्षभर आईशी बोललेला नाही. दोघं दर रविवारी माझ्यासमोर बसत होते, वेगवेगळ्या बाकांवर. मला पत्ता नव्हता.

पुढच्या रविवारी मी रुसलेल्या घरांबद्दल बोललो, साध्या शब्दांत. उपासना सुटल्यावर मुलगा आईची चप्पल शोधत होता. सोमवारी अण्णांनी विचारायच्या आत मी दोन नावं सांगितली. अण्णा दोन कप चहा प्यायले.

असं वर्षभर चाललं. मी बरा पाळक होत गेलो आणि त्याचं सगळं श्रेय माझ्या पदवीला देत गेलो. हे लिहितानाही मान खाली जाते, पण खरं तेच आहे.

एका सोमवारी धर्मविद्यालयातले माझे गुरुजी पाहुणे आले होते. आदल्या दिवशी त्यांच्यासमोर मी अवघड शब्दांची नुसती आतषबाजी केली होती. ते माझं कौतुक करत होते, तेवढ्यात दारात छत्री.

"काल कुणासाठी बोललास, तम्मा?"

मी गुरुजींना आणखी चहा विचारला. गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. माझे कान तापले.

त्या आठवड्यात मी उपदेश लिहिला तो रागानं. रविवारी बोललो: कळप दुसऱ्याकडे सोपवल्यावरही काही म्हाताऱ्या मेंढपाळांच्या हातची काठी सुटत नाही, मेंढरं उरली नाहीत की ते नव्या मेंढपाळालाच हाकू लागतात. माना शेवटच्या बाकाकडे वळल्या. लोक हसले. ते हसले म्हणून मी आणखी दोन वाक्यं जोडली. अण्णा मांडीवर हात ठेवून शेवटपर्यंत नीट ऐकत होते.

सोमवारी आठला ते आले. काही न विचारता खुर्चीवर बसले आणि कप उचलून चहा प्यायले.

"आज विचारायचं न्हाई, तम्मा," ते म्हणाले. "नाव मला ठाऊक हाय." मग छत्री घेऊन उठले. "चांगलं बोललास. एकाच माणसासाठी बोललास. असंच बोलायचं."

त्यानंतर ते रविवारी उपासनेला येत, सोमवारी मात्र येत नसत. सुशीला दोन सोमवार सवयीनं कप मांडत होती. तिसऱ्या सोमवारी तिनं तो मांडला नाही.

त्याच सकाळी मी कमरीपेठेत गेलो. एका खोलीचं घर. अण्णा उंबऱ्यावर बसले होते. अंगात काळा कोट, सगळी बटणं लावलेली, मांडीवर छत्री.

"कुठं निघालात, अण्णा?"

ते ओशाळले. "कुठं न्हाई की. सोमवार आला की कोट चढवल्याबिगर ऱ्हावत न्हाई." छत्री बाजूला ठेवत म्हणाले, "मी गावोगाव बोलत हिंडलो, तम्मा, सारी उमर. कुणासाठी बोलालास, असं माझ्या दारात येऊन कुणी विचारलं न्हाई. बायको गेल्यावर तर एकटाच बोलालतो. वाटलं, तुझं तसं होऊ नये."

मी म्हणालो, "अण्णा, मी चुकलो. गेले तीन रविवार कुणासाठी बोलतोय, माझं मलाच माहीत नाही. विचारा ना मला."

ते आत गेले. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. कान तुटलेल्या कपात चहा आणून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. मी हात लावला नाही. त्यांच्या प्रश्नाची वाट बघत राहिलो.

"घे, तम्मा," ते हळूच म्हणाले. "नाव ऱ्हाऊ दे. निवालाय चहा."

मी कप उचलला, आणि नाव नव्हतं म्हणून तसाच खाली ठेवला.