मनात येईल ते बोला

‘ज्येष्ठ नागरिक इंटरनेटवर माहिती कशी शोधतात आणि ऑनलाइन कसे शिकतात’ या विषयावर घरातली सून पीएचडी करत होती, आणि नेमका एक ज्येष्ठ नागरिक कमी पडत होता. म्हणजे होता, पण बाद झाला होता. समोरच्या इमारतीतले निवृत्त मास्तर संगणकासमोर बसून इतका वेळ एकच बटण शोधत राहिले, की हिला राहवलं नाही आणि ही म्हणाली, "उजवीकडे बघा ना, काका." झालं! ते रेकॉर्डिंग मार्गदर्शक बाईंनी ऐकलं आणि अख्खं सत्र कचऱ्यात गेलं.

मार्गदर्शक बाईंना माणसांपेक्षा नियम जास्त आवडत. "शोधणाऱ्यानं मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहायचं. संशोधकानं फक्त 'बोलत राहा' एवढंच म्हणायचं, दुसरा शब्द नाही. आणि घरातल्या तिसऱ्या माणसानं तोंड उघडलं, की सत्र बाद," त्यांनी बजावलं. "मी उद्या परदेशी निघालेय. आज संध्याकाळचं सत्र मी स्वतः समोर बसून बघणार. नीट झालं तर सही. नाहीतर पुढच्या वर्षी भेटू."

पुढच्या वर्षी! सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. कॉलेजातली नोकरी टिकायची तर पीएचडी याच वर्षी हातात पडायला हवी होती. प्राचार्यांनी तसं गोड हसून, दोनदा सांगितलं होतं.

"आईला बसव की," नवरा म्हणाला. "तिला काय, न विचारताही बोलते."

"त्यांचं सत्र मी सगळ्यात आधी घेतलंय. अजून ऐकतेय ते रेकॉर्डिंग. आता नवं माणूस हवं."

"मग बाबा?"

यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कारण बाबा बोलत नसत. रागावून नव्हे, मौन वगैरे पाळून नव्हे; नुसतेच बोलत नसत. टेलिफोन खात्यात आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, स्वतःचं बोलणं मात्र जोडायचं राहून गेलं. घरात त्यांचे तीनच शब्द ऐकू येत : 'हं', 'बरं' आणि 'दिवा'. तिसरा शब्द कोणी खोलीतला दिवा चालू ठेवून गेलं तर. मुलाच्या लग्नात त्यांना चार शब्द बोलायला उभं केलं, तर ते 'बरं' म्हणून खाली बसले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बाबा, माझ्या संशोधनासाठी बसाल ना?" सुनेनं विचारलं.

"हं."

"मनात येईल ते सगळं मोठ्यानं बोलायचं. मी म्हणेन तोवर थांबायचं नाही. जमेल?"

बाबांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "बरं."

राहिल्या सासूबाई. त्यांना सुनेनं स्वयंपाकघरात नेऊन अक्षरशः हात जोडले. "आई, काहीही कानावर पडलं तरी ब्र काढायचा नाही. तुमचा एक शब्द आणि माझी नोकरी गेली."

"मी कशाला बोलतेय? मी काय सारखी बोलत असते का?" सासूबाई म्हणाल्या, आणि आपण सारख्या बोलत नाही हे त्या दारावरची घंटा वाजेपर्यंत सांगत राहिल्या. नवऱ्याला तेवढ्यात बाहेर पिटाळण्यात आलं.

मार्गदर्शक बाई आल्या. पाणीसुद्धा न पिता खुर्ची ओढून बसल्या आणि मांडीवर कागद घेतला. बाबा संगणकासमोर पाठ ताठ करून बसले. पडद्यावर शिकवण्यांचं संकेतस्थळ उघडलं होतं आणि वर एक रिकामी पट्टी लुकलुकत होती. काम सोपं होतं : तुम्हाला मनापासून शिकावंसं वाटतं ते शोधा आणि त्याचा पहिला धडा पुरा करा.

सुनेनं रेकॉर्डिंग सुरू केलं. बाबा पडद्याकडे बघत बसले. पंख्याचा आवाज छान रेकॉर्ड होऊ लागला.

"बोलत राहा."

"काय?"

"बोलत राहा."

"मनात काही येत नाहीये," बाबा म्हणाले. मग जरा दचकले, कारण हे वाक्य त्यांच्या नेहमीच्या वाक्यांपेक्षा बरंच लांब झालं होतं. "म्हणजे खुर्ची टोचतेय, एवढं येतंय. ही खुर्ची पहिल्यापासून टोचते. सांगितलं नाही कधी. सांगायचं कोणाला, सगळे बोलत असतात. या बाई रागीट दिसतात. भूक लागली असेल. आमच्या खात्यात एक साहेब होता असाच, डबा खाल्ला की निवळायचा."

मार्गदर्शक बाईंनी भुवई उचलली, पण नियम म्हणजे नियम. त्यांनी कागदावर लिहिलं : 'सहभागी मोकळा होत आहे.'

आणि बाबा खरंच मोकळे झाले. इतक्या वर्षांची तुंबलेली मोरी, एकदा बोळा निघाला की थांबते होय? "हे म्हणतंय, शोधा. काय शोधू? रोज चष्मा शोधतो. तो हिच्या उशीखाली सापडतो. तो तिथे का जातो, हे काही मला कळलेलं नाही. पण मला शिकायचंय काय? पोहायला? नको, सर्दी होईल. मला एकच गोष्ट शिकायचीय. टंकतो." आणि एका बोटानं, प्रत्येक अक्षराचा पत्ता विचारत विचारत, त्यांनी टंकलं : 'बायकोला कसं सांगायचं.'

स्वयंपाकघरात चमचा पडला.

"बोलत राहा," सून म्हणाली.

"सांगायचं म्हणजे त्या रसाबद्दल. कुठल्याशा व्हिडिओत बघितल्यापासून ही मला रोज सकाळी पेलाभर पालकाचा रस देते. हिरवागार. त्याला तळ्यासारखा वास येतो. मी आपला गॅलरीत जातो आणि कुंडीत ओततो."

स्वयंपाकघरात आता पातेलं पडलं. झाकणासकट.

"हिला वाटतं माझी तब्येत त्या रसानं सुधारली. अख्ख्या इमारतीत सांगितलंय. आता इमारतीतले सगळे नवरे पितात. जिन्यात भेटले की माझ्याकडे कसे बघतात! सुधारलं ते झाड. काय तरारलंय!"

दार उघडलं. सासूबाई उभ्या होत्या. एक हात कमरेवर, दुसऱ्यात ओला फडका. तोंड उघडलेलं होतं आणि पहिला शब्द जिभेच्या टोकावर येऊन तयार होता. सुनेनं बाबांच्या पाठीमागून दोन्ही हात जोडले. मग गळ्यावरून बोट फिरवलं. मग मार्गदर्शक बाईंच्या कागदाकडे बोट दाखवलं. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि जगात कोणी पाहिलं नसेल असं एक दृश्य त्या खोलीत घडलं : त्यांनी तो शब्द गिळला. पुन्हा वर येऊ नये म्हणून फडक्याचं टोक तोंडात कोंबलं. सुनेला इतकं भरून आलं की तिथल्या तिथे त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

बाबांना मात्र समोरच्या कपाटाच्या आरशासारख्या काचेत सगळं दिसत होतं, आणि मनात येईल ते बोलायचं कबूल केलेलं होतं. बाबा शब्दाचे पक्के. "आली. ऐकलंन सगळं. आता मी मेलो. डोळे मोठे केलेत. डावा डोळा जास्त मोठा होतो रागात. पूर्वीही व्हायचा. तेव्हा छान दिसायची." जरा थांबून म्हणाले, "आताही दिसते. फडका आवडला नाही."

फडका थरथरला. राग की आणखी काही, ते फडक्यामुळे कळेना.

इकडे पडद्यावर शोधाचे निकाल आले होते. संकेतस्थळाला बायकोबद्दल काही ठाऊक नव्हतं. त्यानं आपल्या बुद्धीप्रमाणे जवळचं काहीतरी काढून दिलं. बाबांनी वाचलं, "'कार्यालयातील वरिष्ठांकडे तक्रार कशी मांडावी. प्राथमिक अभ्यासक्रम.' वा! बरोबर ठिकाणी आलो."

मार्गदर्शक बाईंनी लिहिलं : 'निकालाचा प्रश्नाशी संबंध नाही. तरी सहभागी पूर्ण समाधानी.' आणि बाईंच्या ओठाचा एक कोपरा किंचित वर गेला. सुनेनं तो पहिल्यांदाच वर गेलेला पाहिला.

"पहिला धडा. पायऱ्या दोन. पहिली पायरी. 'तक्रारीआधी वरिष्ठांचे गुण आठवा,'" बाबा वाचू लागले. "गुण. आहेत की! मी दवाखान्यात होतो, तेव्हा हिनं डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले, इतके विचारले, की त्यांनी मला लवकर घरी सोडलं. हिला घालवायला दुसरा इलाजच नव्हता. पण त्या प्रश्नांमुळेच चुकीचं औषध थांबलं. मी जगलो तो हिच्या तोंडामुळे. हे मी तिला कधी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं. पण मी 'बरं' म्हटलं असणार."

सासूबाई दाराच्या चौकटीला टेकल्या. फडका आता तोंडातून निघून डोळ्यांना लागला होता. सुनेला त्याचीच धास्ती, कारण तोंड मोकळं झालं होतं! तिनं पुन्हा हात जोडले. सासूबाईंनी मानेनंच 'नाही बोलत गं' म्हटलं.

"दुसरी पायरी. 'वरिष्ठांशी आपला संबंध कसा सुरू झाला ते आठवा.'" बाबा खुर्चीत मागे रेलले. टोचली, म्हणून पुन्हा पुढे झाले. "फोनवर. ही एका औषधांच्या गोदामात फोनवर बसायची. बाहेरगावचा नंबर मागायची आणि जोडायला जरा उशीर झाला की ओरडायची, 'अहो, झोपलात का?' दुसरे ऑपरेटर वैतागायचे. मी मुद्दाम उशीर करायचो. जितका उशीर, तितकी ही बोलायची. कानाला लावून बसायचो. मग एक दिवस हिनं डॉक्टरांचा नंबर मागितला आणि मी..."

बाबा थांबले.

"बोलत राहा," सून कुजबुजली. हे नियमासाठी नव्हतं, पण नियमात बसत होतं.

"मी तो माझ्याच घरी जोडला. आईनं उचलला. ही म्हणाली, डॉक्टर आहेत का. आई म्हणाली, कोण आजारी आहे. दोघी एकमेकींना जुमानेनात. इतक्या भांडल्या, इतक्या भांडल्या, की शेवटी हसायलाच लागल्या. त्यातूनच पुढे ओळख झाली. हिला आजही वाटतं की राँग नंबर लागला. नशिबाचा खेळ म्हणून सगळ्यांना सांगते. नशीब कसलं? मी लावला."

सासूबाईंच्या तोंडाचा मोठा 'आ' झाला, पण त्यातून एक अक्षर आलं नाही. उभ्या जन्मात त्यांना आवाज न करता इतकं काही वाटलं नव्हतं.

"तर दोघी हसत होत्या, आणि मी ते ऐकत होतो," बाबा म्हणाले. पाठीमागे कोण आहे हे ते बहुधा विसरले होते. "हिनं फोन ठेवला. मी कानावरचं यंत्र काढलं. सगळं एकदम इतकं सामसूम वाटलं. आणि तेव्हा मी मनाशी ठरवलं, की..."

"काय ठरवलंत?"

सुनेनं आधी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलेलं होतं. मग दोघींनी मिळून मार्गदर्शक बाईंकडे पाहिलं. बाईंच्या मांडीवरचा कागद जमिनीवर गेला होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि खुर्ची कधीतरी बाबांच्या अगदी जवळ सरकली होती.

बाबांनी वळून पाहिलं. प्रश्न विचारला की बाबा जे नेहमी करत, तेच त्यांनी केलं. "हं," ते म्हणाले आणि मिटले.

"अहो बाई!" सासूबाईंचा बांध फुटला. "मी इथं जीभ चावून उभी आहे, फडका खाल्ला मी, फडका! आणि तुम्ही बोललात? माणूस बोलत होता हो माझा! लग्नानंतर पहिल्यांदा बोलत होता!"

मार्गदर्शक बाई लालबुंद झाल्या. त्यांनी कागद उचलला, चष्मा सावरला आणि घसा खाकरला. "नियमात संशोधकाबद्दल लिहिलंय," त्या कागदाला सांगू लागल्या. "घरच्यांबद्दल लिहिलंय, पण त्या बोलल्या ते सत्र संपल्यावर. मार्गदर्शकाबद्दल काहीच लिहिलेलं नाही. राहून गेलं असेल. धड्याच्या दोन्ही पायऱ्या पुऱ्या झाल्यात. सत्र ग्राह्य." आणि त्यांनी इतक्या घाईनं सही केली, की आडनावाचा शेवट कागदाबाहेर गेला. दारातून त्या एकदा मागे वळल्या. बाबांकडे आशेनं पाहिलं. बाबा म्हणाले, "दिवा." बाईंनी बाहेरच्या खोलीतला दिवा बंद केला आणि निघून गेल्या.

दार लागताच सून आनंदानं किंचाळली, सासूबाईंच्या गळ्यात पडली. "आई, झालं! सही झाली! तुमच्यामुळे झाली! नोकरी वाचली माझी!"

"हो हो, बरं झालं," सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला, पण डोळे बाबांवर होते. "अहो, काय ठरवलं होतंत?"

"काही नाही."

"सांगा ना. रसाचं मी काही बोलणार नाही."

"बरं."

"बरं काय? काय ठरवलं होतंत?"

"हं."

सासूबाईंनी सुनेला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ, त्यांना उद्या सकाळी परत बसव."

"पण आई, माझं काम झालं की."

"तुझं झालं गं. माझं अर्धंच ऐकून झालंय. मी तोंडात फडका घेऊन बसते, वाटलं तर दोन घेते. पण त्या तुझ्या बाईंना बोलावू नकोस. फार मध्ये मध्ये बोलतात."